जुन्या ट्रॅक्टरचा एसी पंप घरच्या घरी बांधताना

ट्रॅक्टर सकाळी सेल्फला पटकन सुरू होतो, पाच-सात मिनिटं बरा चालतो आणि बांधावर पोचायच्या आत घुटमळून बंद पडतो. एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढली की पुन्हा चालू, थोड्या वेळानं पुन्हा बंद. आमच्याकडे हा खेळ चार दिवस चालला होता. पाचव्या दिवशी वडिलांनी इंजिन ऑइलच्या गेजची काडी ओढली, तेल दोन बोटांत चोळून हुंगलं आणि म्हणाले, "अरे, ह्याला डिझेलचा वास मारतोय. चावी काढ आधी." चार दिवस मी वर एअर काढत होतो आणि डिझेल खाली इंजिनच्या चेंबरमध्ये झिरपत होतं. टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणाऱ्या फीड पंपाचा रबरी पडदा फाटला होता.

त्यानंतर मी तो पंप घरीच बांधला. पहिल्यांदा बांधला तो चुकीचा, दुसऱ्यांदा बरोबर. आजवर आमचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिळून सात-आठ पंप हातून गेलेत. ज्याला पाना धरता येतो पण इंधनाच्या कामाला कधी हात लावलेला नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय. काम अर्ध्या दिवसाचं आहे. ते बिघडतं ते ठरलेल्या दोन-तीन जागी, म्हणून त्या जागांवर जरा रेंगाळणार आहे.

हा पंप करतो काय

गॅरेजमध्ये याला एसी पंप म्हणतात. थंड हवेशी त्याचा संबंध नाही. अल्बर्ट चॅम्पियन नावाचा एक फ्रेंच सायकलपटू होता. त्यानं 1899 ची पॅरिस-रूबे शर्यत जिंकली, पुढे अमेरिकेत गेला आणि स्पार्क प्लग बनवायला लागला. ए आणि सी ही त्याच्या नावाची आद्याक्षरं. त्या शिक्क्याचे पंप इतक्या गाड्यांवर बसले की या धाटणीच्या पंपाला तेच नाव चिकटलं. अँबॅसिडर, जुनी पेट्रोल जीप, मॅसी फर्ग्युसन 35 आणि 135 चं पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन, सगळीकडे तत्त्व एकच.

इंजिनच्या आत कॅमशाफ्ट फिरते. तिच्यावरचा एक उंचवटा पंपाच्या रॉकरला, म्हणजे इंजिनात शिरलेल्या त्याच्या हलत्या दांडीला, ढकलतो. रॉकर आतला रबरी पडदा खाली ओढतो, वर पोकळी तयार होते आणि टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडून डिझेल आत येतं. उंचवटा पुढे सरकला की पडद्याखालची स्प्रिंग पडद्याला वर लोटते, दुसरा व्हॉल्व्ह उघडतो आणि डिझेल फिल्टरकडे जातं. म्हणजे डिझेल ओढतं इंजिन, पण पुढे ढकलते ती स्प्रिंग. हे डोक्यात पक्कं बसवा. फिल्टर भरलेला असेल, पुढे मागणी नसेल, तर स्प्रिंग दबलेलीच राहते आणि रॉकर नुसता हलत राहतो. म्हणून इंजिनला कितीही रेस दिली तरी या पंपाचा दाब स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जात नाही. तो असतोही थोडाच, साधारण दहा पीएसआयच्या आतला.

या पंपाच्या अंगाला एक छोटी हातदांडी असते. एअर काढताना आपण जी खाली-वर करतो ती. तीही तोच पडदा हलवते.

आता तुमच्या ट्रॅक्टरवर हाच पंप आहे का ते बघा. जिथे डिझेल पंप (नोझलना जोरानं डिझेल देणारा मुख्य पंप) लांबट, ओळीतला आहे, तिथे फीड पंप बहुधा त्याच डिझेल पंपाच्या कुशीत बसवलेला असतो आणि त्याला पिळून सैल करायचं गोल डोक्याचं हँड प्रायमर असतं. तो पिस्टनवाला पंप, हे काम त्याचं नाही. आपला पंप इंजिन ब्लॉकच्या अंगाला नटांनी बसवलेला, दोन भागांचा, मधल्या सांध्यावर गोलाकार स्क्रू असलेला. सांध्यावर स्क्रूच नसतील, पत्रा वळवून घट्ट केलेला असेल, तर तो उघडण्यासारखा बनवलेलाच नाही. सरळ नवा घ्या.

पंपच दोषी आहे का, आधी हे बघा

गंमत अशी की "पंप गेलाय" म्हणून काढलेल्या पंपांतले निम्मे तरी ठणठणीत असतात. मी स्वतः शेजाऱ्याचा एक पंप पूर्ण खोलून पुन्हा बसवला आणि नंतर कळलं की टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक मातीनं बुजलं होतं. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून डिझेल बाहेर येत नव्हतं. झाकण सैल केलं आणि ट्रॅक्टर दिवसभर चालला.

त्यामुळे सुरुवात टाकीपासून करा. झाकण सैल करून चालवून बघा. कॉक पूर्ण उघडा आहे ना? पंपाच्या आधी काचेची किंवा पत्र्याची वाटी असेल तर ती उतरवा. तळाशी पाणी, गंज, काळा चिकट गाळ दिसेल. वाटीतली जाळी धुवा. पंपाच्या डोक्यावरच्या झाकणाखालीही बऱ्याच पंपांना जाळी असते, ती लोक विसरतात.

मग हवा. टाकी ते पंप हा ओढीचा मार्ग आहे. इथे बारीक फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. नळी बाहेरून कोरडी दिसते म्हणून माणूस फसतो. फट शोधायला सोपा उपाय म्हणजे स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, त्यातून पारदर्शक नळी थेट पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला क्लॅम्पनं घट्ट जोडा आणि ट्रॅक्टर त्यावर चालवा. आता सुरळीत चालला तर दोष टाकी ते पंप या मार्गात. तरीही मरत असेल तर पंप किंवा त्याच्या पुढचं काहीतरी.

पंपाची थेट परीक्षाही सोपी आहे. पंपातून फिल्टरला जाणारी नळी फिल्टरच्या बाजूनं सोडा, तोंड बाटलीत धरा आणि हातदांडी मारा. प्रत्येक दाबाला डिझेलची जोरकस पिचकारी, बुडबुड्यांशिवाय, यायला पाहिजे. दांडी अगदी ढिली, निर्जीव लागली तर घाबरू नका. कॅमचा उंचवटा नेमका रॉकरवर थांबला असेल तर पडदा आधीच खाली ओढलेला असतो आणि दांडीला चालच उरत नाही. इंजिन बंद करायचा स्टॉपर ओढून ठेवा आणि सेल्फला अगदी हलका झटका देऊन इंजिन थोडं फिरवा. इंजिनचा पूर्ण एक फेरा झाला की कॅमशाफ्ट अर्धा फेरा फिरते, म्हणजे उंचवटा पार पलीकडे जातो. एवढ्या एका गोष्टीपायी किती चांगले पंप भंगारात गेले असतील कोण जाणे.

आणि शेवटी ऑइल. गेजच्या काडीवर पातळी वाढलेली, तेल पातळ, डिझेलचा वास. यातलं काहीही दिसलं तर इंजिन तिथल्या तिथे बंद. डिझेल मिसळलेल्या ऑइलला बेअरिंग सांभाळण्याची ताकद राहत नाही आणि क्रँकचं काम निघालं तर पंपाच्या किटच्या कितीतरी पट खर्च होतो. रोटरी डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील गेलं तरी डिझेल चेंबरमध्ये उतरू शकतं, हेही लक्षात असू द्या. फरक ओळखायला फीड पंप उतरवून त्याच्या रॉकरकडच्या बाजूला बघा. हातदांडी मारताना तिथून डिझेल ठिबकलं तर पडदा गेला. काही पंपांच्या खालच्या अंगाला बारीक भोक असतं. तिथून डिझेल आलं तर पडदा, इंजिन ऑइल आलं तर पडद्याच्या दांड्याचं सील.

सामान आणि किट

किटमध्ये पडदा, दोन व्हॉल्व्ह, त्यांची पॅकिंगं, दांड्याचं सील आणि ब्लॉकला लागणारं पॅकिंग एवढं असतं. काही किटमध्ये स्प्रिंगही मिळते. दुकानात नुसतं "मॅसीचा एसी किट द्या" म्हणून चालत नाही. एकाच ट्रॅक्टरवर वेगवेगळ्या बनावटीचे पंप बसलेले असतात. जुना पडदा काढून हातात घेऊन जा. भोकांची संख्या आणि अंतर जुळवा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पडद्याच्या मधोमध जो दांडा खाली येतो त्याची लांबी आणि टोकाची खाच. माझा पहिला पंप इथेच फसला. भोकं तंतोतंत जुळली, दांडा मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटरनं जास्त लांब होता. पंप बसला, पण ओढच नाही.

पडद्याचं रबर वाकवून बघा. चांगल्या पडद्यात कापडाचे थर दिसतात आणि तो दुमडून सोडला की सरळ होतो. कडक, चकचकीत, प्लास्टिकसारखा वाटला तर ठेवून द्या. पेट्रोलच्या गाडीसाठी घेत असाल तर इथेनॉल सोसणारा पडदा मागा, कारण आता पेट्रोल पंपावर मिळतं त्या मिसळीच्या पेट्रोलनं जुन्या पद्धतीचं रबर फुगतं. डिझेलवाल्यांना ही काळजी नाही.

हत्यारांबद्दल एकच. जुन्या मॅसीवर बरेचसे नट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, म्हणून 13 चा पाना लागल्यासारखा वाटतो, पण घट्ट नटावर तो घसरून कडा गोल करतो. अर्धा इंची आणि सात-सोळांश पाना मागून आणा, पण 13 चा लावू नका. याशिवाय रुंद पात्याचा चांगला स्क्रू ड्रायव्हर, कानस, बारीक पॉलिश पेपर, काचेचा सपाट तुकडा, ब्रश, रॉकेल किंवा डिझेल आणि स्टीलचं ताट. ताट एवढ्यासाठी की स्प्रिंग उडाली तर ती मातीत न जाता ताटात पडावी.

नवा आख्खा पंप का घेत नाही, असं लोक विचारतात. घ्यायला हरकत नाही. पण माझ्या अनुभवात जुन्या पंपाचं ओतीव अंग आणि रॉकर आजच्या स्वस्त नकलेपेक्षा भारी असतं. अंगाला तडा नसेल आणि रॉकरची पिन ढिली नसेल तर मी जुनाच बांधतो.

उतरवणं आणि उघडणं

ट्रॅक्टर सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. बिडी-सिगारेट लांब. टाकीचा कॉक बंद.

पंप आणि त्याच्या आजूबाजूची हातभर जागा ब्रश आणि डिझेलनं धुऊन घ्या. कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. पंप निघाला की ब्लॉकला भोक पडतं आणि वरची सगळी माती त्या भोकात जायला टपलेली असते. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, नळ्या कुठून कशा वळल्यात ते दिसेल असे.

नळ्या सोडा, त्यांची तोंडं स्वच्छ कापडानं किंवा टोपणानं बंद करा. बँजो बोल्टचे (नळी धरणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर जपून ठेवा. मग पंपाचे नट थोडे थोडे, आळीपाळीनं सोडा, कारण आतून रॉकर पंपाला बाहेर ढकलत असतो. एक नट पूर्ण काढून दुसऱ्यावर भार टाकला तर अंगाचा कान तुटतो. पंप काढल्याबरोबर ब्लॉकच्या भोकात स्वच्छ कापड कोंबा. पंपाखाली जाड पॅकिंग किंवा पट्टी असेल तर तिची जाडी ध्यानात ठेवा. रॉकर कॅमवर किती दाबला जातो हे त्या जाडीवर ठरतं. ती वगळून चालत नाही, दोन घालूनही चालत नाही.

आता टेबलावर. कानशीनं वरच्या आणि खालच्या भागावर मिळून एक आडवी खूण करा, सांध्यावरून जाणारी. ही खूण करायची राहिली तर पुढे वरचा भाग फिरवून बसवला जातो आणि नळ्या भलत्याच दिशेला तोंड करून उभ्या राहतात.

सांध्याचे स्क्रू समोरासमोरचे असे एकेक सोडा. स्क्रू हलत नसेल तर डोक्यावर ड्रायव्हर ठेवून हातोडीचा एक टोला द्या, मग फिरवा. वरचा भाग पडद्याला चिकटलेला असतो. प्लास्टिकच्या मुठीनं हलकेच ठोका. फटीत ड्रायव्हर घालून उचकटू नका, कारण तिथला ओरखडा पुढे हवा ओढतो.

पडदा काढायला तो तळव्यानं खाली दाबा आणि चतकोर फेरा फिरवा. दांड्याच्या टोकाची खाच रॉकरच्या आकड्यातून सुटते आणि पडदा वर येतो, मागोमाग स्प्रिंग. दाबताना हात सैल सोडू नका. फाटका पडदा उजेडासमोर धरून ताणून बघा. चीर बहुतेक वेळा मधल्या पत्र्याच्या चकतीच्या कडेलाच असते, कारण प्रत्येक ओढीला तो तिथेच दुमडतो.

खालच्या भागात रॉकर हातानं बाजूला हलवून बघा. थोडी ढिलाई चालते. पण पिन आणि भोक दोन्ही झिजून रॉकर खुळखुळत असेल तर कॅमनं दिलेली चाल त्या ढिलाईतच मुरते आणि पडद्यापर्यंत पोचत नाही. कॅमवर घासणारं रॉकरचं टोक किंचित चकचकीत असावं, त्यात खोल खाच पडली असेल तर तो भाग बदला. पिन पक्की असेल तर तिला हात लावू नका. "उघडलंच आहे तर सगळंच काढू" या हौसेला इथे आवर घाला.

व्हॉल्व्ह, सांधा आणि पडदा

वरच्या भागात पितळी वाटीसारखे दोन छोटे व्हॉल्व्ह असतात. काही पंपांत ते पट्टी आणि दोन स्क्रूंनी धरलेले, काहींत नुसते दाबून बसवून कडेनं ठोसे मारलेले. दोन्ही दिसायला एकसारखे, पण एक सुलटा बसतो आणि एक उलटा. जुने काढायच्या आधी फोटो काढाच. फोटो काढायचा राहिला तर असं ताडून बघा. वरचा भाग उताणा ठेवून पडद्याच्या बाजूनं पाहिलं की आत येणाऱ्या वाटेच्या व्हॉल्व्हची बारीक स्प्रिंग आपल्याकडे दिसते आणि बाहेर जाणाऱ्या वाटेच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग पलीकडे असते. दोन्ही स्प्रिंगा एकाच बाजूला दिसल्या तर एक चुकलाय.

जुने व्हॉल्व्ह काढताना ठोशांचे उंचवटे आधी खरवडा. नवा बसवताना त्याच्या मधल्या चकतीवर दाब देऊ नका. कडेवर बसेल असा बॉक्स पाना किंवा नळीचा तुकडा ठेवून सरळ दाबा, मग पाच-सहा जागी सेंटर पंचानं हलके ठोसे द्या. त्याखालचं पॅकिंग विसरलात तर व्हॉल्व्ह नवा असूनही गळणार. बसवल्यावर स्वच्छ रबरी नळी लावून फुंकून आणि ओढून बघा. एका बाजूनं हवा जावी, दुसऱ्या बाजूनं अडावी.

मग सांध्याची दोन्ही तोंडं. वर्षानुवर्षं कुणीतरी गळती थांबवायला स्क्रू पिळत राहिलेलं असतं आणि त्यामुळे स्क्रूच्या भोकांजवळची कड वाकून वर आलेली असते. काचेवर पॉलिश पेपर पसरून, डिझेलनं ओला करून, सांधा त्यावर आठच्या आकड्यात हलक्या हातानं घासा. काळे डाग राहिले ती जागा खोलगट, चमकली ती उंच. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा आणि भाग दोनदा धुवा.

सीलंट लावायचा मोह होतो. मी लावत नाही. सिलिकॉनचे तुकडे सुटून व्हॉल्व्हखाली किंवा फिल्टरमध्ये जातात, आणि सांधा सपाट असेल तर पडदा स्वतःच पॅकिंगचं काम करतो. स्प्रिंग ओढून लांब करायचा सल्लाही कुणीतरी देईलच, "दाब वाढतो" म्हणून. वाढतो खरा, पण किती ते आपल्याला कळत नाही आणि पडदा लवकर फाटतो. स्प्रिंग गंजली किंवा मोडली असेल तर किटमधली घाला, नाहीतर आहे तशी ठेवा.

जोडणी उलट्या क्रमानं करायची. दांड्याचं नवं सील, त्यावर स्प्रिंग, त्यावर डिझेलचं बोट फिरवलेला पडदा. दाबा, दांड्याची खाच आकड्यात शिरली की चतकोर फिरवा आणि सोडून बघा. पडदा रॉकरबरोबर हलला पाहिजे. भोकं सांध्याच्या भोकांवर आली नाहीत तर रबर पिळून ओढू नका, पडदा पुन्हा सोडवून दुसऱ्या बाजूनं अडकवून बघा. कानशीची खूण जुळवून वरचा भाग ठेवा आणि सगळे स्क्रू बोटांनी, डोकं वायसरला टेकेपर्यंतच फिरवा.

आता इथे थांबा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या. स्क्रू कसायच्या आधी रॉकर शेवटपर्यंत दाबून धरायचा, म्हणजे पडदा पूर्ण खाली ओढला जातो. तसाच धरून ठेवून स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनं कसायचे. असं केलं की पडद्याच्या कडेला जेवढं सैल रबर लागतं तेवढं आपोआप आत ओढलं जातं. पडदा सपाट असताना कसलं तर तो ढोलकीच्या पानासारखा ताणून बसतो, रॉकरला पूर्ण चाल मिळत नाही आणि प्रत्येक ओढीला तो कडेनं फाटत जातो. कसून झाल्यावर सांध्याभोवती बघा. पडद्याची कड अंगाच्या कडेशी समतल किंवा किंचित आत असावी. एखाद्या बाजूला बाहेर डोकावत असेल तर सोडा आणि पुन्हा करा. या कामाला तीन हात लागतात. घरातल्या कुणाला तरी रॉकर दाबायला बसवा.

टेबलावर परीक्षा, मग ट्रॅक्टरवर

पंप लगेच बसवू नका. ताटात स्वच्छ डिझेल घ्या, पंप त्यात बुडवून रॉकर सहा-सात वेळा मारा, मग बाहेर काढून रिकामा होईपर्यंत मारा. आत येणाऱ्या तोंडावर अंगठा घट्ट ठेवून रॉकर तीन-चार वेळा मारा आणि अंगठा उचला. ओढीचा स्पष्ट आवाज यायला हवा. मग बाहेर जाणाऱ्या तोंडावर अंगठा ठेवून रॉकर दाबा आणि सोडा. अंगठ्याला जाणवणारा दाब दोन-तीन सेकंद तरी टिकला पाहिजे. तो टिकलेला असतानाच पंप पुन्हा डिझेलमध्ये बुडवा. सांध्यातून बुडबुडे आले तर कुठून येतात ते तिथेच दिसतं.

बसवताना ब्लॉकचं तोंड खरवडून साफ करा, कोंबलेलं कापड काढा (हसू नका, एकदा राहिलंय), नवं पॅकिंग ठेवा. कॅमचा उंचवटा पलीकडे जाईल असं इंजिन फिरवून घ्या. पंप किंचित तिरपा करून रॉकर आत घाला आणि कॅमच्या योग्य अंगावर टेकवा. पंप हातानं दाबला की किंचित स्प्रिंगचा विरोध जाणवत जवळजवळ ब्लॉकला टेकला पाहिजे. बोटभर फट राहत असेल तर रॉकर चुकीच्या बाजूला गेलाय. नटांनी ती फट ओढून मिटवाल तर रॉकर किंवा कॅम मोडेल. अमेरिकेत घरामागच्या बागेत चालवायचे जे छोटे जुने ट्रॅक्टर आहेत, त्यांतल्या अनेकांवर कोहलर कंपनीची के-मालिकेची पेट्रोल इंजिनं असतात आणि त्यांच्या दुरुस्ती-पुस्तकात हाच इशारा ठळक दिलेला आहे. तिथे पंपाच्या जागेकडे तोंड करून पाहिलं की रॉकर कॅमशाफ्टच्या उजव्या बाजूला असला पाहिजे, डावीकडे गेला तर पंपच काय, इंजिनचंही मोठं नुकसान होतं. तिकडे असा ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांनी हे विसरू नये. आपल्या इंजिनावर बाजू कोणती ते पंप काढतानाच टॉर्च मारून बघून ठेवा.

तांब्याचे वायसर नवे घालणं उत्तम. नसतील तर जुने गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. पोलाद असं केल्यानं कडक होतं, तांबं मात्र तापून मऊ पडतं. पाण्यात टाकण्याचा फायदा एवढाच की वरची काळी खपली सुटते.

चेंबरमध्ये डिझेल उतरलं असेल तर इंजिन चालू करण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, चालवून बघितल्यावर नाही.

एअर काढायचा क्रम टाकीकडून नोझलकडे. कॉक उघडा, फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा आणि हातदांडी मारत राहा. फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. दांडी मारता मारताच स्क्रू बंद करा. दोन फिल्टर असतील तर पहिला आधी. मग रोटरी पंपाच्या अंगावरचा खालचा एअर स्क्रू, त्यानंतर वरच्या झाकणावरचा. शेवटी स्टॉपर आत, रेस पूर्ण, नोझलच्या दोन नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल आणि सेल्फ. डिझेल ठिपकायला लागलं की नट घट्ट, आणि इंजिन धरतं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. नोझलच्या नळीच्या उडत्या धारेसमोर बोट किंवा तळवा कधीही धरायचा नाही. तिथला दाब शंभर बारच्या वर असतो, डिझेल कातडी भेदून आत शिरतं आणि तसं झालं तर जखम केवढीशी दिसली तरी थेट दवाखाना गाठायचा.

इंजिन दहा मिनिटं मंद चालू द्या आणि सांध्यांभोवती कोरडा कागद फिरवून ओलावा तपासा. कागदावर डाग उमटला तर तो नट जरासा कसा, भीमाची ताकद नको. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुरू करण्याआधी, गेजची काडी काढून पातळी आणि वास. पुढचे चार-पाच दिवस हे रोज.

आणि जुना पडदा फेकू नका, दांडा शाबूत असलेला तर नाहीच. पुढच्या वेळी दुकानात मापाला तोच न्यायचा आहे. आमचा हत्यारांच्या पेटीत झाकणाला आतून तारेनं बांधून ठेवलाय.